पार्श्वभूमी वजा

रात्रपाळी सुरू होते ती रिकाम्या मोजणीने.
बोगद्यात ट्रक नाही, माणूस नाही,
पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे मी आणि कोकाटेसाहेबांचा थर्मास.
कळ दाबते.
नळीत न्यूट्रॉन जन्माला येतात,
भिंतींना, जमिनीला, खाडीवरच्या हवेला विचारून येतात
आणि पडद्यावर उगवते एक वेडीवाकडी रेघ:
इथे काहीच नसताना इथे काय काय असतं, त्याची.

ही पार्श्वभूमी, साहेब म्हणतात.
ही आधी वजा करायची, मग उरेल तो माल.

न्यूट्रॉन मला ट्रेनिंगपासूनच आवडला.
धन नाही, ऋण नाही.
कुणाचं देणं नाही, म्हणून कुणाच्या दारात अडत नाही;
कंटेनरच्या पोलादातून असा जातो
जसा लग्नाच्या मांडवातून न बोलावलेला पोरगा.
अडतो तो मेणाशी, पाण्याशी,
माणसाच्या अंगाशी.
म्हणून ड्रायव्हरला आधी खाली उतरवतो आम्ही.

आत जाऊन तो काही उचकटत नाही,
नुसता धक्का देतो एकेका अणूला
आणि अणू दचकून आपलं नाव सांगून बसतो.
कर्बाचा आवाज वेगळा, प्राणवायूचा वेगळा,
नत्र जरा वरच्या पट्टीतला.
बिलावर काय लिहिलंय, ते त्यांनी वाचलेलं नसतं.
नत्र आणि प्राणवायू दाटीने बोलले तर स्फोटकांचा संशय,
कर्ब फार नि प्राणवायू थोडा, तर पावडरीचा.
संशयच.
त्यापुढे कटर, कुत्री, पंचनामा.

मार्चमध्ये नत्र ओरडला.
सायरन. पथक बेलापूरहून येईपर्यंत
आम्ही सगळे गेटबाहेर, कुणी बिडीही पेटवेना.
पेटी उघडली तर लोकर.
जुने स्वेटर, गठ्ठ्यांनी,
एकाच्या कोपरावर निळ्या धाग्याचं ठिगळ.
लोकरीतही नत्र असतो, साहेब म्हणाले,
जिवंत होती ना कधीतरी.
सगळे हसले.
ड्रायव्हर रामशकल नाही हसला,
त्याचे हात अजून वरच होते.

मग ती संगमरवराची पेटी.
लाद्यांच्या पोटात क्लोरीन ऐकू आला,
हलका, घसा बसल्यासारखा.
साहेब म्हणाले, तो तर रोजचाच आपल्याकडे,
पार्श्वभूमीतला. वजा कर, सोड गाडी.
मी वजा केला.
तरी थोडा उरला.
पुन्हा केला. उरला.
साहेब, आमचा किती, हे मला ठाऊक आहे, म्हटलं.
हा आमचा नाही.

सहाव्या लादीत पोकळी, पोकळीत पुडकी.
मिठासारखं दिसतंय, कुणीतरी म्हणालं.
अजिबात दिसत नव्हतं.

या यार्डाच्या डांबराखाली
घरतांचं मिठागर आहे, दोन एकर एकोणीस गुंठे.
त्यावर भराव, भरावावर खडी, खडीवर काँक्रीट,
काँक्रीटवर माझी खुर्ची.
साडेबारा टक्क्यांतून उलव्यात मिळालेल्या
चौथ्या मजल्यावर बाबा आता
डॉक्टरांच्या हुकमाने अळणी जेवतात,
आणि ताटाच्या डाव्या कोपऱ्याकडे
बोट जाऊन परत येतं.

परवा सांगितलं त्यांना.
मशीनला अजून दिसतं, बाबा, खालचं मीठ.
भाकरीचा तुकडा हातात तसाच.
किती दिसतं?
थोडंसं. रोज मोजतो, रोज वजा करतो.
रोज?
हो.
बराच वेळ ते खिडकीतून
बंदराच्या दिव्यांकडे बघत राहिले.
मंग सरत कसा नाय?

आज रिकामी मोजणी मी दोनदा घेतली.
फायलीत एकदाच लिहिली.